पाच पोळ्यांचं जेवण

इचलकरंजीच्या इंदुताई मिठारींनी गावाकडचं घर विकलं आणि पाचशे फुटांचा फ्लॅट घेतला. ताबा मिळाल्यावर टेप लावून बघितली, तर आत जेमतेम तीनशे फूट भरले. बिल्डर कोकरेशेठ हसले. "ताई, पाचशे म्हणजे सुपर बिल्टअप! त्यात जिना, लिफ्ट, लॉबी, सगळ्यातला तुमचा वाटा धरलेला असतो. सही करण्याआधी कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, किती ते विचारायचं नाही का?"

सासऱ्यांची खाट काही आत मावली नाही. ती लॉबीत, लिफ्टच्या दाराशी टाकावी लागली.

इंदुताई भांडल्या नाहीत. वास्तुशांतीला त्यांनी शेठना आग्रहाचं आमंत्रण दिलं. "पाच पुरणपोळ्या वाढणार आहे, उपाशी पोटी या."

शेठ खरंच उपाशी आले. ताटात तीन पोळ्या पडल्या आणि वाढप थांबलं. तिन्ही संपवून त्यांनी हाक मारली, "ताई, राहिलेल्या दोन?"

"दिल्या की! पोळपाटाला चिकटलेली कणीक, तव्यावर जळलेलं पुरण, घरभर सुटलेला वास, सगळ्यातला तुमचा वाटा धरलाय."

पंगत खो खो हसली. शेठ चिडले. "वासानं कुणाचं पोट भरतं का?"

"मग लिफ्टच्या दाराशी कुणाला झोप लागते का, शेठ?"

हसणं थांबलं. शेठ हात धुऊन निघाले. लिफ्टकडे जाताना त्यांना खाटेला वळसा घालावा लागला. म्हातारा जागाच होता.

"या, या," तो म्हणाला. "जेवलात ना पोटभर?"