भुजंगाचं छप्पर आणि कंपनीचा फळा

त्या दिवशी सकाळपासून वारा असा सुटला होता, की वाळत घातलेली लुगडी शेजारच्या गावात जाऊन पडत होती. एका गावात एक भोळा भुजंगा होता. तो त्या वेळी आपल्याच घराच्या छपरावर पालथा पडला होता. छप्पर गवताचं. उडू नये म्हणून त्याने वर स्वतःचं वजन ठेवलं होतं.

तेवढ्यात शहरातल्या एका बड्या कंपनीचा माणूस आला. कंपनी गावोगाव लिहायचे फळे बसवत होती. इथेही पारावर एक भलामोठा बसवला. कडेने साबणाच्या नि चहाच्या जाहिराती, मधे मोकळी जागा. ज्याला जे वाटेल ते त्याने लिहावं. फुकट.

"फुकट का?" भुजंगाचा शेजारी कोंडिबा याने विचारलं.

"लोक फळा बघायला येतील, तेव्हा साबणही बघतील," माणूस म्हणाला.

फळा राखायला कुणीतरी हवं होतं. छपरावरचा भुजंगा त्या माणसाला फार आवडला. म्हणाला, "वर्षभर कंपनीच्या हुकमाप्रमाणे फळा राख. कंपनी तुझ्या घरावर कौलं घालून देईल."

भुजंगा खाली उतरला. छपराचा कोपरा उडाला. पण आता कौलं येणार होती.

चार महिन्यांत गावाला फळ्याची अशी सवय लागली, की दवंडीवाल्याने हलगी खुंटीला टांगली. लोक आधी फळा बघत, मग तोंड धुवत. फळ्यावर असेल ते झालं, नसेल ते झालंच नाही. विहिरीला पाणी आलं का, असं कुणी विचारलं तर माणसं विहिरीकडे बघत नसत, फळ्याकडे बघत.

कंपनीचा पहिला हुकूम आला. 'उघडं अंग दिसलं की झाकावं.'

बाळोबा गवळ्याने म्हैस विकायला काढली होती. त्याने फळ्यावर तिचं चित्र काढलं. कास घागरीएवढी. भुजंगाने ते पाहिलं आणि तो लाजला. त्याने खडूने म्हशीला लुगडं नेसवलं. काष्ट्यासकट.

गिऱ्हाईक आलं, बघितलं, आल्या वाटेने परत निघालं. "जिची कास लपवावी लागते, ती म्हैस मी घेऊ होय?"

"भुजंग्या, म्हैस रे ती!" बाळोबा ओरडला.

"पण उघडी होती, दादा."

बाळोबाने कंपनीला तक्रार लिहिली. आठ दिवसांनी दुसरा हुकूम आला. 'जनावराला हात लावू नये.'

भुजंगाने तो पाठ केला. कौलांचा प्रश्न होता.

मग कुणीतरी फळ्यावर एक घुबड काढलं. घुबडाच्या हातात बांगड्या. खाली लिहिलं, 'ही गया कासारीण. हिची नजर लागते.' ही गर्दी जमली! माणसं दोनदा येऊन बघून जात. कंपनीचं पत्र आलं, 'गर्दी उत्तम आहे. शाबास.'

गयाबाई पारावर आली. "भुजंगा, पूस रे ते. चार दिवसांत एकाही बाईने बांगड्या भरून घेतल्या नाहीत."

"नाही पुसता येत, काकी. जनावर आहे."

"आणि खाली नाव कुणाचं आहे?"

"जनावराचंच असेल ना, काकी. त्याच्याच खाली आहे."

तिनेही तक्रार लिहिली. तिलाही उत्तर आठ दिवसांनीच आलं. तोवर गावातल्या बाया बांगड्या भरायला दुसऱ्या गावी जाऊ लागल्या होत्या. तिसरा हुकूम होता, 'कुणाचं नाव घालून वाईट लिहिलं तर ताबडतोब पुसावं. लिहिणाऱ्याला आठ दिवस खडूला हात लावू देऊ नये.'

भुजंगाने हाही पाठ केला. वर्ष भरायला एकच दिवस उरला होता. कौलांची गाडी निघाल्याचं फळ्यावर आलंच होतं.

त्या दिवशी पुन्हा तसाच वारा सुटला. भुजंगाची बायको ठकूबाई भाकऱ्या थापत होती. चुलीतली ठिणगी उडाली ती थेट छपरात.

कोंडिबा धावत पारावर आला. सगळं गाव तिथेच फळा बघत उभं होतं. तो ओरडला, "भुजंगाच्या घराला आग लागली!"

लोकांनी फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर आग नव्हती.

"काहीतरीच काय!" एकजण म्हणाला.

कोंडिबाने खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'भुजंगाच्या घराला आग लागली.'

भुजंगाने ते सावकाश वाचलं. नाव होतं. वाईटही होतं. त्याने ओलं फडकं घेतलं आणि स्वच्छ पुसून टाकलं. कोंडिबाच्या हातातला खडूही काढून घेतला.

"भुजंगा, तुझंच घर आहे रे!"

"कुणाचं का असेना, दादा. हुकूम सगळ्यांना सारखा. तक्रार असेल तर कंपनीला लिही. आठ दिवसांत उत्तर येतं."

लोकांनी फळा पाहिला. त्यावर आगीचं नाव नव्हतं. सगळ्यांना बरं वाटलं.

मग ठकूबाई आली. तोंड काजळीने काळं, काखेत शेळीचं करडू. भुजंगा तिच्याकडे बघत राहिला, मग पळत सुटला.

घराच्या जागी चार काळे खांब उभे होते. कौलांची गाडी आली, गाडीवाल्याने खांब पाहिले. "घरावर घालायची आहेत," असं म्हणून त्याने कौलं तशीच परत नेली.

भुजंगा कोंडिबाच्या दारात जाऊन उभा राहिला. "दादा, घर गेलं रे. चार दिवस तुझ्या पडवीत राहू का?"

कोंडिबाने पडवीतली घोंगडी झटकली, ठकूबाईसाठी पसरली, आणि म्हणाला, "वहिनी राहतील. तुला कशाला पडवी? तुझ्या घराला काही झालेलं नाही. मी आत्ताच फळा बघून आलो."