खोल्या मिटायची वेळ

“...पण मग खोल्या किती वेळ उघड्या ठेवाव्यात, आई? तेवढं सांगा.”

रत्नमालेनं फिरून तेच विचारलं. गोदाआई ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सोलतच राहिल्या.

गोदाआई म्हणजे महानुभाव पंथाच्या आश्रमातल्या तपस्विनी. अंगावर काळं लुगडं, तोंडात दात नाहीत, अन् नजर अशी की समोरच्यानं पदर सावरावा. रत्नमालेच्या माहेरच्यांनी त्यांच्याच हातून उपदेश घेतलेला, म्हणून लहानपणापासून ती त्यांना आई म्हणे. बाकीच्या जगात ती मॅडम होती.

अंगणवाडीच्या बायांना ती शिकवी, तेही घरी बसून, लॅपटॉपवर. शंभरएक बाया आपापल्या गावी मोबाईल धरून बसत. एवढ्या गर्दीत कोण तोंड उघडणार? म्हणून ती त्यांचे लहान लहान गट करी अन् एकेक गट एकेका खोलीत धाडी.

या खोल्यांना भिंत नसते, दार नसतं. बटण दाबलं की उघडतात, वेळ भरली की मिटतात. मिटल्या की आतल्या बाया होत्या तशा उचलून पुन्हा मोठ्या सभेत आणून टाकतात. तोंडातला घास तोंडात.

अन् खोल्या मांडाव्या तर रत्नमालेनंच. जावाजावा एका खोलीत नाहीत. बडबडी एक, तर अबोल दोन. जिच्या गावात नेट लंगडं तिच्या जोडीला नेट धड असलेली. दर खोलीला प्रश्न आधीच लिहिलेला, अन् आतलं बोलणं मागून सभेत कुणी सांगायचं तेही ठरलेलं. लग्नाच्या पंगतीत इतक्या निगुतीनं पान कुणी वाढत नाही. मांडता मांडता तिची मान आखडली, डोळे खोल गेले. दुसऱ्या तालुक्याच्या मॅडमा तिच्याकडे शिकायला येत, अन् ती गोष्ट तिनं गोदाआईंना आल्याआल्याच सांगितली होती.

“जावा वेगळ्या केल्यास?” गोदाआईंनी विचारलं होतं. “हे तर घरोघरी होतंच. त्याला लॅपटॉप कशाला लागतो?”

रत्नमाला हसली नव्हती. हसायचंही त्राण नव्हतं तिच्यात.

कारण एवढं करून बाया बोलतच नसत. ती एखाद्या खोलीत डोकावली की आत सगळ्या मूग गिळून बसलेल्या. ती विचारी, झालं का बोलणं? एका सुरात उत्तर येई... हो मॅडम, झालं.

एक कौतिका तेवढी बोलली. मेळघाटाकडची, डोंगराच्या कुशीतल्या वस्तीवरची. आजवरच्या एकाही ट्रेनिंगात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. मागं एका खेपेला रत्नमाला नेमकी तिच्या खोलीत डोकावली, अन् कौतिका सांगत होती, “आमच्या वस्तीवरचं ते लेकरू गेलं, त्या दिवशी मी...”

तेवढ्यात वेळ भरली. खोली मिटली.

वेळ रत्नमालेनंच लावलेली. वाढवता आली असती. पण बाकीच्या खोल्या रिकाम्या बसलेल्या, पुढचा धडा खोळंबलेला. मोठ्या सभेत आल्यावर तिनं रीतीप्रमाणे विचारलं, कौतिकाताई, बोलणं झालं का? अन् कौतिकानं रीतीप्रमाणे सांगितलं, झालं.

त्या दिवसापासून कौतिका नाही. फोन उचलत नाही. उद्या शेवटची बैठक. उद्याही आली नाही तर तिचं नाव कटणार, अन् वस्तीवरची अंगणवाडी दुसरीच्या हाती जाणार. मग तिथल्या लेकरांना तिच्यासारखी बाई मिळेल की नाही, देव जाणे.

हे सगळं रत्नमालेनं असं सांगितलं, जसं बिघडलेलं घड्याळ दुरुस्तीला आणावं. पंधरा मिनिटं कमी पडली हे उघड आहे, ती म्हणाली. पण वाढवावी तर बाकीच्या बाया भाजीला काय करायचं त्यावर येतात. तर नेमकी किती ठेवावी?

गोदाआईंनी एक शेंग उकलली. आत अळी निघाली. ती बाजूला टाकली.

“सगळ्या आत गेल्या की मोठ्या सभेत कोण उरतं?”

“मीच.”

“अन् समोर कोण दिसतं?”

रत्नमालेला आठवावं लागलं. सगळ्या खोल्यांत गेल्या की पडद्यावर तिचाच चेहरा उरे. एकटा, दमलेला, दिव्याच्या उजेडात पिवळा. ती त्याच्याकडे बघत नसे. त्या वेळात ती पुढचा धडा काढून ठेवी.

“माझंच तोंड दिसतं,” ती म्हणाली.

“मग तुझी खोली कोणती गं?”

“मला कुठली खोली, आई. मी उघडणारी.”

शेंगा सोलायचा तेवढा आवाज. ऊन उंबऱ्यावरून आत आलं, टोपलीपाशी येऊन बसलं. खूप वेळ गेला. कुणी काही विचारत नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं... रत्नमालेचे खांदे आपोआप उतरले.

“थकलीस,” गोदाआई म्हणाल्या.

“थकले.”

पुन्हा शेंगांचा आवाज.

“आई...” रत्नमालेच्या नजरेपुढं टोपली पुसट होत गेली. “माय गेली, त्या दिवशी मी...”

गोदाआई उठल्या.

टोपली सरकवली, लुगड्यावरचा टरफलांचा कचरा झटकला. “चल. वेळ झाली.”

रत्नमाला बघतच राहिली. तोंड उघडं ते उघडंच. म्हातारीनं तिचं मनगट धरलं, अन् त्या वाळक्या हातात कुठून एवढी ताकद आली कोण जाणे, तिला उठवलं, माजघरातून चालवत नेलं अन् ओसरीवर आणून बसवलं. ओसरीवर बाया नामस्मरणासाठी जमल्या होत्या. गोदाआई तिला त्यांच्यात सोडून आल्या पावली आत निघून गेल्या.

बायांनी सरकून जागा दिली. शेजारच्या केसरकाकूंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मायेनंच विचारलं, “आईंशी बोलणं झालं का, बाई?”

“झालं,” रत्नमाला म्हणाली.

म्हणाली, अन् तांब्या हातातच राहिला.

हा शब्द तिनं किती तोंडांतून ऐकला होता... तो आतून कसा लागतो ते तिला ठाऊक नव्हतं. घशात काटा अडकावा अन् वरून आपणच हसून सांगावं, काही नाही, बरं आहे.

मग राग आला. माय गेल्यापासून इतके दिवस ते एक वाक्य तिनं कुणापुढं काढलं नव्हतं. भावापुढं नाही, नवऱ्यापुढं नाही. आज ते जिभेवर आलं अन् या बाईनं टरफलासारखं झटकून टाकलं. आता पुन्हा इथं पाय ठेवायचा नाही. ती उठली. ओसरीच्या पायऱ्या उतरली. एक चप्पल पायात घातली.

दुसरी घालता घालता थांबली.

पुन्हा इथं पाय ठेवायचा नाही... असंच कुणीतरी डोंगराकडच्या वस्तीवर म्हणालं असेल.

आश्रमाच्या फाटकापाशी कुत्रं झोपलं होतं. त्यानं एक डोळा उघडला, मिटला. तिला कुणी हाक मारली नाही. आतून पुन्हा शेंगा सोलायचा आवाज येत होता, जसं मध्ये काही घडलंच नव्हतं.

तिनं चप्पल काढली. फोन मुठीत धरून ओसरी ओलांडली, माजघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. किती मिनिटं ठेवावी, हे आता तिला विचारायचं नव्हतं.

“तिला पुन्हा फोन लावते,” ती म्हणाली. “नाही उचलला तर पहाटेच्या गाडीनं बैठकीआधी तिच्या वस्तीवर जाते... पण आई, ती समोर आली तर तिला म्हणू काय?”

गोदाआईंनी मान वर केली नाही. टोपली उचलून पलीकडे ठेवली. चटईवर एका माणसापुरती जागा झाली. त्या जागेवरून हात फिरवून त्यांनी टरफलं बाजूला सारली.

रत्नमाला बसली.

गोदाआईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

“माय गेली, त्या दिवशी तू...” गोदाआई म्हणाल्या. “हं. पुढं?”