भोरखडीच्या हत्तीचा कोरा डोळा

भोरखडीच्या भैरोबाला जाताना पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दगडाचे कान पडलेले दिसतात. कान, नखं, गुडघे, सोंडेची टोकं. काही धड, काही फुटके. शहरातून आलेला प्रत्येक शहाणा तिथं थांबतो, हळहळतो आणि विचारतो, "बाबा, ही मूर्ती कुणी फोडली हो?" कुणी फोडली नाही. हे तुकडे कधी एका अंगाला लागलेलेच नव्हते. अख्खा हत्ती वर आहे, देवळासमोर, एका दगडातला, दोन पुरुष उंच. पण तुम्हाला तुटकं काही दिसलं की लगेच शत्रू आठवतो. बसा खाली. पाणी प्या. फोटो मागून काढा, हत्ती पळून जात नाही.

या गावात पूर्वी पाथरवटांची बारा घरं होती. पाटे, वरवंटे, जाती, उखळं घडवायची आणि बाजाराला न्यायची, हे त्यांचं पोट. डोंगराच्या कुशीतली खाण त्यांची होती. एका साली गुरांवर रोग आला आणि गोठेच्या गोठे रिकामे झाले. तेव्हा गावचा पाटील भैरोबाला नवस बोलला, म्हणे, की उरलेली गुरं वाचव, तुझ्या दारात खऱ्या हत्तीएवढा दगडी हत्ती उभा करीन. गुरं वाचली. नवस बोलला पाटील आणि फेडायचा पाथरवटांनी. मोठ्या लोकांचे नवस असलेच असतात. त्यानं बारा घरांना चावडीवर बोलावून सांगितलं, "तीन वर्षं देतो. तिसऱ्या चैत्रात जत्रेला हत्ती उभा नसला तर खाण परमुलखातल्या माणसांना देईन. तुम्ही बिऱ्हाडं उचलायची."

देवळापुढं दोन मोठे धोंडे होते, एकाच जातीच्या दगडाचे. बारा घरांत नावाजलेला कारागीर म्हणजे हैबती. काम त्याच्याकडं गेलं. आता हा हैबती काय करायचा, तर रोज सकाळी धोंड्यासमोर घोंगडी टाकून बसायचा. हत्ती कसा होणार ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. कान असा हलता वाटेल, डोळा असा ओला दिसेल, सोंडेला सुरकुत्या किती. लोक माना डोलवायचे. त्याला घरून भाकरी यायची, ती खाऊन पुन्हा सांगायचा. धोंड्याला टाकी लावली का? नाही. म्हणायचा, "आधी सगळा हत्ती डोक्यात उभा राहू दे." असं करत दोन वर्षं आणि वर एक पावसाळा गेला. डोक्यात उभा राहिलेल्या हत्तीला वैरण लागत नाही, तो कितीही वर्षं उभा राहतो.

दसऱ्याला पाटलाचा निरोप आला तशी हैबतीची तंतरली. मग एकदम जोर चढला. पाठीचा उंचवटा एका दमात मोकळा करतो म्हणून त्यानं धोंड्याच्या माथ्यावर पाचरी ठोकल्या आणि घण घातला. तिसऱ्या घावाला धोंडा वरपासून खालपर्यंत उभा फाटला. आवाज खालच्या वाडीपर्यंत गेला, असं सांगतात. हैबतीनं घण टाकला, घोंगडी डोक्यावरून घेतली आणि घरात जाऊन निजला. दगडच नासका होता म्हणाला. कारागीर नासका कधी नसतो.

त्याच्या धाकट्या भावाची बायको गिरजा. नवरा मेलेला, पदरात दोन पोरी. गावोगाव फिरून झिजलेल्या पाट्यांना टाकी लावून द्यायची, त्यावर घर चालायचं. चैत्राला सहा महिने उरले होते. बारा घरं बोचकी बांधायच्या गोष्टी बोलत होती. ही बाई फाटलेल्या धोंड्याचा एक कपचा उचलून घरी आली आणि ओट्यावर बसून ठोकायला लागली.

"काय करतेस गं?" शेजारीण म्हणाली.

"हत्तीचं नख."

"अगं बया! मग शेपटीचा केस कधी करणार?"

"तुझी जीभ झाल्यावर. तिला दगड लई लागंल."

चार दिवसांत नख झालं. मग कान घेतला, हातभर. पहिला बुडाशी तुटला. दुसरा टोकाशी तुटला. तिसरा तुटला तेव्हा तिच्या ध्यानात आलं की या दगडाची नस तिरपी आहे. वरून घाव सोसत नाही, बाजूनं खरवडत गेलं तर लोण्यासारखा येतो. जे हैबतीला अडीच वर्षं बघून कळलं नाही, ते तिला तीन तुटक्या कानांनी सांगितलं. चौथा कान धड निघाला.

मग तिनं बारा घरांत कपचे वाटले. एका घरानं फक्त पाय करायचे, एकानं सोंड, एकानं पोटाची गोलाई, एकानं शेपूट. हाताएवढं करा, मोडा, पुन्हा करा. बारा अंगणांत टकटक सुरू झाली. पाटील एक दिवस बघायला आला आणि तुकड्यांचा ढीग बघून भडकला.

"गिरजे, मी हत्ती बोललो होतो. हे हत्तीचं मटण कुणी मागितलं?"

गिरजा उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "पाटील, तुमच्या घरचा वरवंटा मी केलाय. त्याच्या आधीचे सात मोडके माझ्या घरामागं परड्यात पडलेत. तुम्हाला आठवाच माहीत."

माघ लागता लागता तुकडे पायऱ्यांच्या कडेला टाकत सगळी वर गेली आणि उरलेल्या धोंड्याला भिडली. ज्याला जे येत होतं त्यानं तेवढंच केलं. दोन महिन्यांत हत्ती उभा राहिला. डोळे राहिले. गिरजेनं तोवर कपच्यांवर एकवीस डोळे कोरले होते, हरभऱ्याएवढ्यापासून मुठीएवढ्यापर्यंत. देवळाकडचा डोळा तिनं उघडला. दुसरा, दरीच्या अंगाचा, तेवढा राहिला.

आणि मग हैबती उठला. सगळं झाल्यावर उठणारी माणसं तेव्हाही होती. म्हणाला, घराण्यात थोरला मी, दरीकडचा डोळा माझ्या हातचा.

"करा की भावोजी," गिरजा म्हणाली. "आधी कपच्यावर एक हरभऱ्याएवढा करून दाखवा."

"मी? ह्या हातानं हरभरे कोरू?"

"तेवढाच करा. मग हा तुमचा."

केला नाही. जत्रेपर्यंत फुरंगटून बसला. जत्रेच्या दिवशी पालखी खालच्या पायरीला लागली, ढोल वाजायला लागले आणि हा टाकी अन् घण घेऊन हत्तीच्या मस्तकाशी चढला. घण! एक घाव चुकला असता तर मस्तक फाटलं असतं आणि बारा घरं त्याच सांजेला रस्त्यावर आली असती. गिरजा मधे आडवी आली. तिच्या मागं एकेक करत बारा घरं उभी राहिली. त्यांत हैबतीचा सख्खा मुलगा होता. त्यानंच बापाच्या हातातला घण धरला, म्हणे, आणि म्हणाला, "आबा, खाली उतरा. तुम्हाला येत नाही."

तीन वर्षं जे कुणी बोललं नव्हतं ते पोटच्या पोरानं ढोलांच्या आवाजात बोललं. हैबती उतरला.

पालखी वर आली. पाटलानं हत्तीभोवती फेरी मारली आणि दरीच्या बाजूला थांबला. "हा काय आंधळा?"

"देव ज्या अंगाला हाय त्या अंगाचा डोळा उघडा हाय," गिरजा म्हणाली. "दरीकडं तुम्ही बघा."

पाटील काही म्हणायच्या आत गुरवानं हत्तीच्या पायाशी नारळ फोडला आणि नवस फिटला असं मोठ्यानं सांगितलं. खाण बारा घरांकडं राहिली.

आजही या गावात घर बांधणारा आधी वीतभर भिंत बांधून पाडतो आणि लेकीसाठी गोधडी शिवणारी आधी तळहाताएवढी शिवते. तुम्ही हसा. तुमच्यातले ते चष्मेवाले येताना सांगत होते, दहा वर्षं एक मोठा ग्रंथ डोक्यात आहे म्हणून. एक पान लिहिलंय का विचारलं, तर डोंगर बघायला लागले.

तो दरीकडचा डोळा आजही कोरा आहे. बारा घरांनी तेव्हाच ठरवलं, ज्याला कोरायचा त्यानं कोरावा, जातीची-गावाची अट नाही, फक्त आधी हरभऱ्याएवढा करून दाखवायचा. दरसाल जत्रेला एक-दोघं येतात. मोठ्या शाळेत शिकलेले असतात. हत्तीभोवती फिरतात, कोऱ्या जागेवर हात फिरवतात, डोळा कसा पाहिजे ते मला तासभर सांगतात. मी ऐकून घेतो. मग पायरीवरचा एक कपचा उचलून त्यांच्या हातात देतो. आजवर प्रत्येकानं तो उलटसुलट करून बघितला आणि परत खाली ठेवला.