धुक्यातले तीन बिंदू

उंच डोंगरावर, जिथे ढग दारातून आत येतात आणि चुलीपाशी थोडं बसून मग पुढे जातात, अशा एका झोपडीत झेलू राहत होती. झेलू आणि तिची आई, दोघीच. आई गवताच्या चटया विणायची आणि दरीपलीकडच्या बाजारात नेऊन विकायची. चटई विकली गेली तर रात्री भात, नाही विकली तर पेज. आपल्याला पेजच जास्त आवडते, असं झेलू आईला सांगायची.

एके दिवशी आई सकाळीच डोक्यावर चटया घेऊन गेली. दुपार कलली आणि दरीतून धुकं वर आलं. आधी विरळ, मग कापसासारखं दाट. झाडं दिसेनात, पायवाट दिसेना. परतीची वाट दरीच्या काठाकाठाने होती. एक पाऊल चुकलं की खाली खोल, खोल दरी.

झेलू काठापर्यंत धावली. तिने आईला हाक मारली. धुक्याने ती हाक गिळून टाकली.

काठावर रानफुलांचा ताटवा होता. पिवळीधमक सोनकी, गुलाबी तेरडा, आणि मधेमधे इवलीइवली निळी फुलं, जणू आकाशाचे सांडलेले तुकडे. त्यातल्या एका निळ्या फुलात काहीतरी थरथरत होतं. झेलू वाकली. आत करंगळीएवढी परी होती. तिचे चंदेरी पंख भिजून पाठीला चिकटले होते.

"गारठलीस होय गं?" झेलू म्हणाली. तिने परीला परकराच्या कोरड्या टोकात गुंडाळलं आणि हळूहळू फुंकर घातली. ओच्यात आईसाठी ठेवलेला गुळाचा खडा होता. त्यातला कण तिने परीच्या ओठांना लावला.

परीच्या पंखांवर सोनेरी, मग केशरी, मग मोरपंखी चमक आली. तिने अंग झटकलं आणि गूळ चाटत विचारलं, "रडत होतीस ना?"

"आई धुक्यात अडकलीय."

परीने मूठ उघडली. मुठीत तीन चमचमते कण होते. "हे तीन बिंदू. ज्याच्या पायाशी बिंदू, तो पडणार नाही. एकदा ठेवला की हलवता येत नाही."

झेलूने डोळे बारीक केले. "केवढे आहेत हे?"

"केवढेच नाहीत. त्यांना लांबी नाही, रुंदी नाही."

"मग बिंदू म्हणजे काय?"

परी खुदकन हसली. "ते सांगायला मला दुसरा शब्द लागेल. त्या शब्दासाठी तिसरा, तिसऱ्यासाठी चौथा. असं फिरत फिरत आपण पुन्हा बिंदूवरच येऊ. काही गोष्टी आधी तशाच घ्याव्या लागतात, झेलू. मग त्यांच्यापासून बाकीचं सगळं उभं राहतं. म्हणून नियम एकच. हे कशाचे आहेत, ते कुणाला सांगायला जायचं नाही. सांगायला लागलीस की विझतील."

"आणि काय करतात, ते सांगितलं तर?"

"ते खुशाल सांग."

झेलूने पहिला बिंदू आपल्या पायाशी ठेवला. दुसरा ओंजळीत धरून आईचं नाव घेतलं. बिंदू भुर्रकन धुक्यात शिरला. आणि झेलूच्या पायापासून एक लखलखती रेषा निघाली, सरळ, दरीवरून पलीकडे.

"दोन बिंदूंमधून एकच रेषा जाते," परी म्हणाली. "म्हणजे ही आईकडेच गेलीय. चुकणार नाही."

"संपते कुठे?"

"संपतच नाही. दोन्हीकडे जातच राहते."

रेषेवरून आवाज आला, अगदी कानाशी आल्यासारखा. "झेलू, तू आहेस का गं तिकडे? मी काठावर उभी आहे. पाऊल उचलायची भीती वाटते बाई."

झेलूने रेषेवर पाय ठेवून पाहिला. ती केसाहून बारीक होती. जाडी अशी तिला नव्हतीच.

"तिसरा बिंदू मधोमध ठेव," परी म्हणाली. "आईला पायरी होईल. एक ढांग टाकून ती तुझ्याकडे येईल."

झेलूने हात उचलला. तेवढ्यात डावीकडून, रेषेपासून दूर, कुणीतरी ओरडलं, "कुणी आहे का रे? माझ्या पायाखालची माती सरकतेय."

ते शेजारचे दौलूकाका होते. कुणी काही दाखवलं, की आधी ते कशाचं आहे हे विचारायचं आणि उत्तर मिळालं की "हॅ" म्हणायचं, ही त्यांची सवय. झेलूच्या आईच्या चटयांनाही ते "हॅ" म्हणत.

झेलूने मुठीतल्या शेवटच्या बिंदूकडे पाहिलं. मग रेषेकडे तोंड करून विचारलं, "आई, तू तिथेच थांबशील? धुकं जाईपर्यंत? इथे दौलूकाका पडतायत."

"थांबते," आई म्हणाली. "त्यांना धर आधी."

झेलूने डोळे पुसले आणि बिंदू काकांच्या दिशेने सोडला.

आणि धुकं आतून उजळलं. तिन्ही बिंदूंच्या मधून काहीतरी पसरू लागलं, तळ्याच्या पाण्यासारखं सपाट, मोत्यासारखं चमकतं. दरीवरून, झाडांवरून, दूरदूर. त्याला काठ नव्हता.

"एका रेषेत नसलेले तीन बिंदू," परी कुजबुजली. "आता प्रतल झालं. तिसराही रेषेवरच ठेवला असतास, तर हे पसरलंच नसतं."

आई पलीकडून चालत निघाली. डावीकडून दौलूकाका आले, आणि मधेच थांबून त्यांनी पायाने टकटक केलं. "झेले, हे कशाचं गं? काच आहे की बर्फ?"

"काका, ते..." झेलू बोलून गेली. प्रतल मिणमिणलं. दरीच्या मधोमध आईचा पाय डगमगला. झेलूने जीभ चावली. "कशाचं ते सांगता येत नाही, काका. ते सपाट आहे आणि आपल्या तिघांनाही धरून आहे. एवढंच सांगते. तुम्ही या."

काकांनी तोंड उघडलं, खाली पाहिलं, मग झेलूच्या आईकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले, आणि मुकाट्याने चालू लागले.

आईने येऊन झेलूला उचललं. तिचे केस दवाने ओले होते आणि डोक्यावर सगळ्या चटया तशाच होत्या.

परी झेलूच्या खांद्यावर बसली. "शेवटचा बिंदू तू दुसऱ्याला दिलास. म्हणून हे प्रतल मिटणार नाही. आता कुणालाच दरीच्या काठाकाठाने जावं लागणार नाही, धुकं असो वा नसो." मग तिचे पंख उघडले, त्यांतून शुभ्र उजेड ओसंडला, फुलांवर, चटयांवर, काकांच्या पागोट्यावर. उजेड ओसरला तेव्हा खांद्यावर कुणी नव्हतं. फक्त गुळाचा वास होता.



"चला, चूल पेटवू," आई म्हणाली. "आज पेजच आहे. दौलूभावजी, तुम्हालाही भूक लागली असेल."

"लागलीय तर," काका म्हणाले, आणि आईच्या डोक्यावरच्या चटया त्यांनी आपल्या डोक्यावर घेतल्या.