तिसऱ्यांचं कालवण

शाळेच्या प्रदर्शनाला कारखान्याचे कर्णिकसाहेब पाहुणे म्हणून आले होते. नववीच्या पोरांनी खाडीचं पाणी स्वतः तपासून फळ्यावर लिहिलं होतं, ‘कारखान्याच्या पाइपाजवळचं पाणी विषारी.’ साहेब खो खो हसले. “पोरखेळ! आमचं पाणी एकदम स्वच्छ आहे.”

त्या पोरांतल्याच हेमांगी तांडेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच खाडीवर तिच्या आईचं पोट होतं. पण ती गोड हसली.

“बरं साहेब. पण कोळीवाड्यातून पाहुणा उपाशी जात नाही.”

आईनं पोरांसाठी पाठवलेलं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, गरमागरम कालवण आणि भाकरी तिनं पुढे ठेवली. वासानंच साहेब विरघळले. घास उचलून म्हणाले, “कुठल्या गं या तिसऱ्या?”

“तुमच्या पाइपाच्या तोंडाशी वेचलेल्या असल्या तर?”

घास तोंडाशी जाऊन गुपचूप ताटात परतला. “अगं, विसरलोच! आज माझा उपास.”

“घाबरू नका, आईनं पलीकडच्या गावाहून आणल्यात. इथल्या तिसऱ्या आम्ही वैऱ्यालाही वाढत नाही. पण साहेब, आमचा फळा तुम्हाला पटत नव्हता ना? आता तुमच्या घासानंच त्यावर सही केली!”

एकच हशा पिकला. पोरांनी साहेबांसमोरच कालवण बोटं चाटून फस्त केलं, आणि साहेबांना उपास काही सोडता येईना!