बिरूचं जवळ आणि कचेरीचं थोडं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं वाचणाऱ्यांनी पोटात घालावं.

एका संस्थानाचे दिवाण डोंगरातली गावं बघायला निघाले. वाट दाखवायला बिरू धनगर होता.

"गाव किती लांब रे?" दिवाणांनी विचारलं.

"हे काय, जवळच की!"

सकाळी निघालेले दिवाण दोन खिंडी चढून, कमरेएवढ्या ओढ्यात भिजून, ऊन कलल्यावर गावात टेकले. पायांना फोड आले होते.

"खोटारड्या! उद्यापासून तुझं वाटाड्याचं काम बंद!"

बिरू गोंधळून गेला. बापाच्या वेळेपासूनचं काम सुटणार, आणि आपलं चुकलं कुठं तेच त्याला कळेना. त्याची म्हातारी आई मीठ न्यायला याच गावात येई, आणि तीही जवळच म्हणे. डोकं खाजवत तो म्हणाला, "सरकार, त्या ओढ्यावर साकव बांधा म्हणून मी अर्ज दिला होता. कचेरीत म्हणाले, 'थोडं थांब.' त्याला तीन पावसाळे झाले. मी कुणाला खोटारडं म्हणालो नाही. वाटलं, कचेरीतलं थोडं एवढंच असत असेल."

जमलेल्या गावकऱ्यांनी हसू लपवायला तोंडाला पंचे लावले. दिवाण आपल्या ओल्या विजारीकडे बघत राहिले. मग बरोबरच्या कारकुनाला म्हणाले, "वाटाड्या हाच राहील. आणि तो अर्ज शोधा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, "पुढचं गाव?"

बिरूने आधी त्यांच्या पायांचे फोड पाहिले. "मला जवळ आहे, सरकार. तुम्हाला लांब," तो म्हणाला, आणि डोली आणायला गेला.