जावळाआधीचा फोटो

"बुवा, तीन कान कसे आले याला?"

प्रणालीने मोबाइल मठातल्या बुवांपुढे धरला. बुवा उंबऱ्याशी वाती वळत बसले होते. त्यांनी फोटो पाहिला. मग पाटावर बसलेल्या दीड वर्षाच्या ओजसकडे पाहिलं.

"दोनच आहेत," ते म्हणाले.

"ते मलाही दिसतंय."

सकाळपासून तिचा जीव टांगणीला लागला होता. आज पोराचं जावळ काढायचं. नवस बापाचा, आणि बाप जहाजावर. त्याचं मागणं एवढंच, की कुरळ्या केसांतला एक फोटो पाठव, मागे ज्या दीपमाळेपाशी नवस बोललो ती दिसू दे. न्हावी वस्तरा परजून बसला होता. केस एकदा उतरले की संपलं.

मंडपात अंधार आणि दाराबाहेर दीपमाळेवर रणरणतं ऊन. पोराचं तोंड दिसलं की दीपमाळ पांढरीफटक. दीपमाळ दिसली की पोर काळंठिक्कर. पाटावर बसवलेलं पोर जावळ निघेपर्यंत उठवायचं नाही, नाहीतर तिने केव्हाच बाहेर नेलं असतं.

"म्हणून एचडीआर लावलंय. ह्यांनीच शिकवलं मला. एकदा दाबलं की मोबाइल भराभर तीन फोटो काढतो. एक उजळ, एक मधला, एक काळपट. तिन्हीतलं चांगलं तेवढं घेऊन एक करतो. अंधारातलंही दिसतं, उन्हातलंही."

"मग अडलं कुठे?"

"हा हलतो ना, तिन्हीत तोंड वेगळीकडेच... ओजस, नीट बस. बस म्हटलं ना."

पोर डुललं. तिने पुन्हा फोटो काढला. या वेळी दोन नाकं.

"हलायचं नाही म्हणून किती वेळा सांगायचं रे तुला?"

पोराचा ओठ वाकडा झाला.

"दीपमाळेला सांग," बुवा म्हणाले.

"काय?"

"हलायचं नाही म्हणून. ती ऐकते."

न्हावी खुदकन हसला.

"इथे माझा जीव चाललाय बुवा, आणि तुम्हाला चेष्टा सुचतेय."

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले, अंगावरची भगवी शाल पसरली आणि दार अडवून उभे राहिले.

"बुवा... दीपमाळ झाकली."

"हो."

प्रणालीने एचडीआर बंद केलं. मोबाइलच्या पडद्यावर पोराच्या तोंडावर बोट टेकवलं.

ओजसने शालीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि दोन्ही मुठींत आपलेच केस धरून तो हसला.

तिने दाबलं.

एक नाक. दोन कान. कपाळभर कुरळे केस.

ती बराच वेळ बघत राहिली. मग पुन्हा वैतागली.

"हे विचारतील ना, दीपमाळ कुठे गेली? काय सांगू?"

बुवा दारातून बाजूला झाले. ऊन आत आलं. न्हाव्याने पोराचं डोकं भिजवलं.

"त्याला सांग..." बुवा पुन्हा वातींपाशी बसत म्हणाले, "तू येईपर्यंत हलायचं नाही, असं बजावलंय तिला."